ड्रुसी डर्नफर्डच्या कोटातला पाव

"मी आहे गं, पण गेलेली अजून यायची आहे."

कशी आहेस असं कुणीही विचारलं की ड्रुसी डर्नफर्ड हेच उत्तर द्यायची. खिडकीतून द्यायची, चहाचा कप हातात धरून द्यायची, स्वयंपाकघरातल्या दिवाणावर भिंतीकडं तोंड करून पडलेली असली तरी द्यायची. हसत म्हणाली असती तर आम्हीही हसून सोडून दिलं असतं. पण ती हसत नव्हती. आज वारा पूर्वेचा आहे, अशा सुरात ती ते सांगायची आणि ऐकणाऱ्याचे हात उगाच गार पडायचे.

माझं घर क्विलर्स कोव्हच्या शेवटाला आहे. त्यापुढं लाकडी फाटक आणि फाटकापुढं माळ. माळावर जाणारं माणूस माझ्या खिडकीवरून जातं आणि परतणारं माझ्या खिडकीवरून परततं. म्हणून ड्रुसीची गोष्ट सांगायचा हक्क माझा आहे, आणि तो मी दुसऱ्या कुणाला देत नाही.

माळाला वाट अशी नाहीच. शेवाळ, पाणथळ, गुडघ्याएवढी झुडपं, आणि वर आभाळ किंवा धुकं, बहुतेक वेळा धुकंच. पलीकडच्या स्प्रूस आर्म गावापर्यंत माणूस चुकू नये म्हणून जुन्या लोकांनी दगडावर दगड रचून माणसाच्या उंचीचे ढीग उभे केलेत. आम्ही त्यांना दगडी गडी म्हणतो. एका गड्यापाशी उभं राहिलं की पुढचा दिसतो. लहानपणी आम्हाला सांगायचे, गड्यांना नमस्कार करा पण त्यांच्याशी बोलू नका, कारण धुक्यात एखादा गडी दगडाचा नसतो.

आणि माळावर जाताना खिशात पावाचा तुकडा असतो. सगळ्यांच्या असतो. माळावरची ती मंडळी, माणसाला भुलवून नेणारी, त्यांचं नाव आम्ही घेत नाही, खिशात पाव असलेल्या माणसाच्या वाटेला जात नाहीत. शहरातल्या एका पाहुण्यानं मला विचारलं होतं, "तुम्ही खरंच मानता हे?" मी म्हटलं, "तू खिशात रुमाल ठेवतोस, तो मानतोस म्हणून का?"

या माळावरून ड्रुसी रविवारी रविवारी स्प्रूस आर्मला जायची. तिची एकुलती एक मुलगी मेलिटा तिथं दिलेली. सकाळी निघायची, दुपारच्या चहाला पोचायची, आणि जाताना माझ्या खिडकीवर टकटक करून म्हणायची, "काय हो, अजून मेला नाहीत?" मोठ्या आवाजाची, मोठ्या हातांची बाई. कॉड मासे चिरायला बसली की तिच्यापुढं बाप्ये थकायचे. चर्चमध्ये तिचा सूर सगळ्यांच्या पुढं धावायचा आणि शेवटी एकटाच पोचायचा.

मग सरकारनं कॉडची मासेमारी बंद केली. समुद्रात मासा उरला नाही म्हणाले, आणि खरंच उरला नव्हता. ड्रुसीच्या नवऱ्यानं, गार्लंडनं, होडी पालथी घातली आणि तो शेडमध्ये जाऊन जाळं विणत बसला. जाळं कशासाठी, हे त्याला कुणी विचारलं नाही. ड्रुसीच्या हातांनाही काम उरलं नाही. चर्चमधला तिचा सूर आधी सगळ्यांबरोबर चालू लागला, मग मागं राहू लागला, मग थांबला. ते आमच्या लक्षात आलं, पण त्या साली कोण गात होतं?

ऑक्टोबरातल्या एका सकाळी ती गार्लंडवर चिडली. "तुझ्या तोंडाकडं बघण्यापेक्षा बेऱ्यांकडं बघते," म्हणाली, माळावरच्या तांबड्या बेऱ्या वेचायची बादली उचलली आणि फाटकातून गेली. माझ्या खिडकीवर टकटक केली नाही. चिडलेल्या माणसाला पावाची आठवण राहत नाही. तिचा तुकडा टेबलावरच राहिला होता, तिच्या नणंदेनं, फीनानं, तो दुपारी पाहिला आणि ती किंचाळली. तोवर धुकं उतरलं होतं.

ड्रुसी दुसऱ्या दिवशी सकाळी सापडली. माळाच्या मधोमध एक काळं तळं आहे, त्याच्या काठावर बसलेली. जखम नाही, खरचटलेलं नाही. डाव्या पायातला बूट उजव्यात आणि उजव्यातला डाव्यात, नाड्या नीट बांधलेल्या. शेजारी बादली, काठोकाठ भरलेली. पण तांबड्या बेऱ्यांनी नव्हे. पिवळ्या बेऱ्यांनी, ज्या ऑगस्टात पिकतात आणि ऑगस्टातच संपतात. टपोऱ्या, ओल्या, एक पान नाही, एक काडी नाही. फीनानं ती बादली बेऱ्यांसकट समुद्रात फेकली.

"चकवा लागला," आम्ही म्हणालो.

ड्रुसी म्हणाली, "तळ्याच्या पलीकडून कुणीतरी हाक मारत होतं. ड्रुसी, इकडं ये. आवाज माझाच होता."

त्यानंतर ती आकसत गेली. पुढच्या रविवारी, दोन्ही खिशांत पाव घेऊन, ती फाटकापर्यंत आली आणि तिथं तिची छाती अशी धडधडू लागली की तिनं फाटकाचा खांब मिठीत धरला. बोटं बधिर, श्वास पुरेना, मरतेच आता म्हणाली. परत फिरली आणि बरं वाटलं. मग फाटकही नकोसं झालं. मग अंगण. मग उंबरा. दार उघडं राहिलं तरी तिला घाम सुटायचा. शेवटी उरला तो दिवाण आणि भिंतीवरच्या कागदाचे गुलाब. त्यांच्याकडं बघत ती पडून राहायची. जेवण नको, बोलणं नको. डोळे उघडे असायचे, पण त्यांच्यामागं कुणी नसायचं.

मेलिटाचं पहिलं बाळंतपण त्याच हिवाळ्यात आलं. पिशवी भरून ड्रुसी फाटकापर्यंत आली, ती कशी आली तिलाच ठाऊक, आणि बर्फात खाली बसली. गार्लंड आणि मी तिला उचलून घरी नेलं. मुलगा झाला. मेलिटानं फोनवर एवढंच सांगितलं, "आई, तुला यायचंच नव्हतं." त्यानंतर तिनं फोन केला नाही. त्या बाळाला ड्रुसीनं पाहिलं नाही.

गावातल्या म्हाताऱ्या काय बोलायच्या ते मला माहीत आहे, कारण माझ्याच स्वयंपाकघरात बोलायच्या. माळावरून आणली ती ड्रुसी नव्हेच. ड्रुसीला त्या मंडळींनी ठेवून घेतलं आणि ही आपल्याला दिली, पोकळ. तोंडानं कुणी तिला सांगितलं नाही, पण लहान गावात भिंतीही कुजबुज पाझरतात. तिला कळलं. आणि मग ती म्हणू लागली, मी आहे गं, पण गेलेली अजून यायची आहे.

ते बाळ वर्षाचं होऊन गेलं आणि वसंतात मेलिटाचा फोन आला. पुन्हा दिवस गेले होते, बाळंतपणाला ऑक्टोबर धरला होता. ड्रुसीला फोनपर्यंत नेलं तेव्हा मेलिटा म्हणाली, "आई, या वेळी तरी," आणि पुढचं तिला बोलवेना. ड्रुसीलाही बोलवेना. फोन ठेवून ती दिवाणावर आली आणि फीनाला म्हणाली, "बोटीनं ती मनाची डॉक्टर येते ना, तिला बोलाव."

डॉक्टर हॅन शाळेच्या रिकाम्या वर्गात बसायची. चाळिशीची, बारीक, तांबडा रेनकोट घालणारी. तिच्याकडं जाताना लोक कानाच्या दुखण्याचं निमित्त सांगायचे. ती घरी आली आणि खुर्ची न घेता दिवाणाजवळ जमिनीवर बसली.

"मिसेस डर्नफर्ड," तिनं सुरुवात केली.

"मिसेस डर्नफर्ड माझी सासू," भिंतीकडून आवाज आला. "ती कबरीत आहे. तिच्याशी बोलायचं असेल तर टेकडीवर जा."

"मग तुम्हाला काय म्हणू?"

"ड्रुसी म्हण. पण मी ती आहे का, हे आधी तपास."

डॉक्टरनं ते हसण्यावारी नेलं नाही. पुष्कळ विचारलं आणि पुष्कळ वेळ ऐकलं. फीना चहा करण्याच्या निमित्तानं सगळं ऐकत होती, तिच्याकडून मला कळलं. डॉक्टर म्हणाली, "ड्रुसी, दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्यात. एक उदासी. ती धुक्याच्या आधीपासून आहे, मासा गेला तेव्हापासून. आपण आपल्यात नाही असं वाटणं, हा त्या आजाराचा नेहमीचा भाग आहे. असं सांगणारी तू पहिली नाहीस. दुसरी भीती. ती धुक्यातून आली."

"आणि हाक?"

"गारठलेला, थकलेला मेंदू स्वतःचाच आवाज बाहेरून ऐकवू शकतो."

"आणि बेऱ्या?"

"बेऱ्यांचं मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाली.

ड्रुसीनं पहिल्यांदा मान वळवून तिच्याकडं पाहिलं ते या उत्तरावर.

डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "यांनी उदासीचं पाणी जरा ओसरेल. चालायचं तुलाच आहे." आणि दुसरं म्हणजे, रोज सकाळी उठून किटली भरायची. एवढंच.

"मला उठावंसंच वाटत नाही, पोरी."

"वाटायची वाट बघू नकोस. ते मागाहून येतं. आधी किटली."

फीना कुरकुरली. शहरात एवढं शिकून किटली भरायला सांगायची? पण ड्रुसीनं किटली भरली. काही दिवस ती भरून पुन्हा पडायची. मग कोंबड्यांना दाणे टाकू लागली. एका कोंबडीनं तिच्या बोटाला चोच मारली तेव्हा ती तिला अशी बोलली की गार्लंड शेडमधून बाहेर आला. "काय झालं?" "तुझी बहीण समजून बोलले," ड्रुसी म्हणाली. कित्येक महिन्यांनी त्या घरात कुणीतरी हसलं.

उन्हाळ्यात डॉक्टर तिला फाटकाशी घेऊन आली. मी पायरीवर बसून होतो, आणि मला कुणी जा म्हणालं नाही.

आमच्या भूशिरावर धुक्याचा भोंगा आहे, धुकं उतरलं की होड्यांना सावध करायला वाजणारा. मध्यंतरी तो बिघडला होता आणि लख्ख उन्हात दिवसभर बोंबलत होता. डॉक्टरला ते कुणीतरी सांगितलं असावं. ती म्हणाली, "तुझ्या आतला भोंगा तसा झालाय, ड्रुसी. धुकं नसताना वाजतो. वाजला की तू पळतेस, आणि त्याला वाटतं, बरं झालं आपण वाजलो, बाई वाचली. पुढच्या वेळी तो आणखी जोरात वाजतो. आता तो वाजू दे. तू जिथं आहेस तिथं उभी राहा. वाजून वाजून तो दमतो. खिशात काय आहे?"

"पाव."

"दुसऱ्या खिशात?"

"पाव."

"आणि मोज्यात!" मागून फीना ओरडली. "मी घातलाय!"

डॉक्टर हसली, पण लगेच गंभीर झाली. "हा ठेवून जायचा. पाव खोटा आहे म्हणून नव्हे. पाव असेतोवर तुझ्या भोंग्याला वाटणार की वाचवलं ते पावानं. तुझ्या पायांनी तुला नेलं आणि आणलं, हे त्याला कधी कळणारच नाही."

फीनाचा चेहरा पांढरा पडला. "बाई, तुम्हाला कळतंय का काय सांगताय ते?"

"कळतंय," डॉक्टर म्हणाली.

ड्रुसीनं तुकडे काढून फाटकाच्या खांबावर ठेवले. पहिल्या दिवशी डॉक्टरच्या सोबतीनं ती पहिल्या गड्यापर्यंत गेली. "मरते मी," ती ओरडत होती. "भोंगा किती जोरात आहे?" डॉक्टर विचारत होती. "बहिरी होईन इतका!" "मग थांबू. मला घाई नाही." त्या थांबल्या. बराच वेळ थांबल्या. मला वाटलं आता पडणार ही बाई, आणि तेवढ्यात ड्रुसीचे खांदे खाली आले, फुगलेलं शीड वारा पडल्यावर येतं तसे.

मग बोट येईल तेव्हा डॉक्टरबरोबर, आणि एरवी ड्रुसी एकटीच, तिचा जुना तपकिरी कोट घालून. दुसरा गडी, तिसरा गडी. घाबरायची, थांबायची, पुढं जायची. सप्टेंबरच्या शेवटी ती तळ्यापर्यंत जाऊन आली. परतताना माझ्या खिडकीवर टकटक झाली.

"काय हो, अजून मेला नाहीत?"

आत येऊन बसली. डोळ्यांमागं आता कुणीतरी होतं. "भोंगा वाजला, वाजला आणि दमला," ती म्हणाली. "मी पाण्यापलीकडं बघत उभी राहिले. हाक आली नाही. पुष्कळ वाट पाहिली, तरी नाही आली." आणि चहाच्या कपात बघत म्हणाली, "जरा वाईटच वाटलं."

मी तिचा कप पुन्हा भरला.

त्यानंतर उंदरानं घात केला.

तपकिरी कोट चुलीमागच्या खिळ्याला असायचा. एका सकाळी ड्रुसी किटली भरायला उठली, तर कोटाखाली जमिनीवर चुरा पडलेला. अस्तराला भोक. तिनं बोट घातलं आणि किनारीतून पावाचा तुकडा निघाला, उंदरानं अर्धा खाल्लेला. किनार उसवून पुन्हा शिवलेली होती, बारीक, सुबक टाक्यांनी.

"फीना!"

फीना रडायलाच लागली. "वहिनी, तू खिशात पाव न घेता चाललीस, मला झोप येईना. तुला न कळता शिवला. तुझ्या भल्यासाठीच ना?"

"फीना, हे काय केलंस तू!" गार्लंड तिच्यावर ओरडला. पण त्याची नजर कोटाच्या कॉलरकडं गेली, आणि इतकी वर्षं ज्या बाईनं त्याच्याबरोबर संसार केला तिच्या नजरेतून ते सुटलं नाही. तिनं कॉलर दाबली. आत काहीतरी कडक होतं. जाळं विणायच्या दोऱ्यानं, मोठ्या मोठ्या टाक्यांनी शिवलेलं.

"दादा, तूसुद्धा?" फीना म्हणाली.

"मला काय माहीत तू घातलायस ते!" गार्लंड म्हणाला. "मला वाटलं, आपल्या घरात कुणाला काळजीच नाही!"

हे मी नंतर हसत ऐकलं. ड्रुसी तेव्हा हसली नव्हती. तिनं कोट पुन्हा खिळ्याला टांगला, दिवाणावर जाऊन गुलाबांकडं तोंड केलं आणि म्हणाली, "म्हणजे तळ्यापर्यंत मी गेलेच नाही. पाव गेला."

किटली त्यानंतर फीना भरू लागली.

डॉक्टर पुढच्या बोटीनं आली तेव्हा दक्षिणेचा वारा सुटला होता आणि कॅप्टन म्हणाला, आता वारा पडेपर्यंत बोट निघायची नाही. डॉक्टर डर्नफर्डांच्या घरी आली. फीनावर चिडली नाही, गार्लंडवरही नाही. ती पुन्हा जमिनीवर बसली.

"तळ्यावर उभी होतीस तेव्हा तुला पाव असल्याचं ठाऊक होतं?"

"नाही."

"भीती आली?"

"आली."

"गेली?"

"गेली."

"मग कुणामुळं गेली? भोंग्याला कोटातलं दिसत नाही, ड्रुसी. तुला जे ठाऊक असतं तेवढंच त्याला ठाऊक."

"भोंग्याचं ठीक आहे." ड्रुसी उठून बसली. "पण त्या मंडळींचं काय? मला काय ठाऊक आहे हे ती विचारत नाहीत. कोटात काय आहे हे त्यांना दिसतं. हाक म्हणूनच आली नाही. सांग, नाही म्हणून सांग. खात्रीनं सांग की पाव नसता तरी मी परत आले असते."

गार्लंड आशेनं डॉक्टरकडं बघत होता. तेवढं एक वाक्य बोलून मोकळी हो, असं त्याला तिला सांगावंसं वाटत होतं.

"नाही सांगता येत," डॉक्टर म्हणाली. "आणि सांगितलं तर मीच तुझा पाव होईन. उद्या तुला पुन्हा विचारावं लागेल, परवा पुन्हा. खात्री कुणालाच नसते. खात्री नसताना चालणं, एवढाच उपचार आहे माझ्याकडं."

ड्रुसी पुन्हा आडवी झाली. डॉक्टरही उठली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला, तेव्हा डॉक्टर आणि मी त्याच घरात होतो. फोन जावयाचा होता. मेलिटाच्या कळा सुरू झाल्या होत्या, बाळंतपणं करणारी शेजारीण जवळ होती, पण मेलिटा घाबरली होती. जावई म्हणाला, "आईंना सांगा म्हणते. पण आग्रह करू नका म्हणते."

फीनानं ते जसंच्या तसं सांगितलं. मला वाटतं, आग्रह करू नका या शब्दांनी ड्रुसीला उठवलं. ती उभी राहिली, बूट घातले, नाड्या बांधल्या. बूट बरोबर पायांत आहेत हे मी पाहिलं.

"मी येतो बरोबर," गार्लंड म्हणाला.

"नको. तू आलास तर तू माझा पाव होशील." हे ती त्याच्या गालाला हात लावून म्हणाली.

आम्ही सगळे फाटकाशी आलो. माळावर धुकं होतं, दाट नव्हे, सरकतं. पहिला गडी स्वच्छ दिसत होता, दुसरा पुसट. पलीकडच्या फाटकाशी जावयाचा भाऊ कंदील घेऊन थांबणार होता. डॉक्टर म्हणाली, "गडी दिसला की पुढं. नाही दिसला तर धुकं सरकेपर्यंत गड्याशीच थांबायचं. ते भित्रेपण नव्हे, ती अक्कल."

"मला गडी शिकवतेस, पोरी?" ड्रुसी म्हणाली. मग तिनं तपकिरी कोट काढला आणि गार्लंडच्या हातावर टाकला. "हा नको. यात आणखी कुणी काय काय शिवलंय देवाला ठाऊक."

थंडी हाडात शिरणारी होती. डॉक्टरनं आपला तांबडा रेनकोट काढला आणि आमच्यासमोर त्याचे खिसे उलटे केले. बोटीचं तिकीट पडलं, एक पेपरमिंटची गोळी पडली.

"पेपरमिंट चालेल का?" फीनानं आशेनं विचारलं.

"नाही," दोघी एकदम म्हणाल्या.

डॉक्टर कोट देणार तेवढ्यात थांबली. तिनं आतल्या खिशात हात घातला, जरा वेळ तो तिथंच ठेवला, आणि मग मूठ बाहेर काढून फाटकाच्या खांबावर उघडली. पावाचा तुकडा होता, दगडासारखा वाळलेला, कडा झिजून गुळगुळीत झालेला.

फीना तो बघायला पुढं वाकली.

"माझी आजी अशाच एका गावातली," डॉक्टर खांबाकडं बघत म्हणाली. "तुला ठेवायला लावला आणि माझा तसाच राहिला. चुकलंच माझं."

ड्रुसी तिच्याकडं बघत राहिली. मग हसली, जुनं, मोठं, बंदराच्या पलीकडं जाणारं हसू. "म्हणजे तुझाही भोंगा वाजतो, मेले!"

"वाजतो," डॉक्टर म्हणाली.

ड्रुसीनं कोट घातला. छातीशी तो पुरत नव्हता. फाटक उघडलं आणि ती निघाली. खांबाला मिठी मारली नाही.

ती पोचली. संध्याकाळी फोन आला, मुलगी झाली होती, आणि पहिल्यांदा ड्रुसीच्या हातात दिली होती. मोठा नातू लांबून बघत होता आणि मग तिच्या मांडीवर येऊन बसला होता. ही बातमी सगळ्यांना माहीत आहे, ती सांगायला माझी गरज नाही. मी सांगतो ते फाटकाशी जे दिसलं ते.

तांबडा कोट पहिल्या गड्यापाशी पोचला. थांबला. खांदे वर आले होते, ते इथूनही दिसत होते. मग खांदे खाली आले आणि कोट पुढं निघाला. दुसरा गडी आला. तिथंही ती थांबली, पण थोडी. आणि तेव्हा धुकं जरा उचललं गेलं आणि दुसऱ्या गड्याच्या पुढं, तिसऱ्याच्या बराच अलीकडं, जिथून तळ्याकडं उतार लागतो तिथं, मला एक गडी उभा दिसला. माणसाच्या उंचीचा, ड्रुसीसारखा रुंद. बाजूला काहीतरी लोंबत होतं, हातात बादली धरावी तसं.

ड्रुसी सरळ त्याच्याकडं गेली. पाऊल आखडलं नाही. त्याच्यापाशी पोचल्यावर तिनं मान वळवली, चर्चमधून निघताना मागं रेंगाळलेल्या बाईला चल म्हणावं तशी. काही बोलली असेल तर ते आमच्यापर्यंत आलं नाही. मग तांबडा कोट पुढं चालू लागला आणि उतारावर धुक्यात गेला, आणि तो गडी होता ती जागा मोकळी होती. नुसती झुडपं होती, वाऱ्यात हलणारी.

डॉक्टरचा हात खांबावरच्या तुकड्याकडं गेला. तिथंच थांबला. मग तिनं तो मागं घेतला आणि काखेत घट्ट दाबून धरला.

"दुसऱ्या-तिसऱ्या गड्याच्या मधे हा गडी कधी उभारला?" फीनानं हळूच विचारलं.

गार्लंड हातावर रिकामा कोट घेऊन, फीना पदराएवढा ॲप्रन तोंडाशी धरून, डॉक्टर थंडीनं कापत आणि मी, आम्ही चौघं फाटकाशी उभे राहिलो, तांबडा रंग दिसेनासा झाला तरी बराच वेळ.